तेलाच्या पोटात पाणी

सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, दोन्ही कोळशावर चालणारे. पण एवढ्या मोठ्या भट्टीतला कोळसा काही काडी ओढून पेटत नाही बरं! असली भट्टी आधी तेलाचे फवारे पेटवून तापवतात, मग कोळशाची पूड आत सोडतात.

भट्ट्यांत जाळायच्या तेलांत सगळ्यात हट्टी म्हणजे फर्नेस ऑइल. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं की जो काळा, चिकट ऐवज उरतो, त्यातून ते बनतं. गार असताना धड वाहतही नाही. म्हणून तापवून, बारीक तोटीतून फवारतात. तरी थेंब मोठे राहिले तर वरवर जळतात, आतला भाग करपतो आणि धुराड्यातून काजळी निघते.

यावरचा एक उपाय ऐकून हसाल. तेलात पाणी घालायचं!

नुसतं ओतायचं नाही हं. इतकं घुसळायचं, की जेमतेम ०.१ मिलिमीटरच्या तेलाच्या थेंबात पाण्याचे शेकडो कण बसावेत. तेलातलेच डांबरी पदार्थ या कणांभोवती पापुद्रा धरतात आणि त्यांना एकत्र येऊ देत नाहीत.

असा थेंब भट्टीत शिरला की खरी मजा. पाणी एरवी १०० अंशांना उकळतं. जड तेलाचा बराचसा भाग ३०० च्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. पण तेलात कोंडलेल्या पाण्याला बुडबुडा धरायलाच जमत नाही. ते १०० च्या पुढे तापत जातं, तापत जातं आणि फाट्! वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. थेंबाच्या चिंधड्या उडतात. फोडणीत ओला कढीपत्ता पडला की आजी ‘मागे हो’ म्हणून ओरडते, तिथेही हेच चाललेलं असतं. या बारीक थेंबुकल्यांना चहूबाजूंनी हवा मिळते, ती झटकन जळतात. इव्हानोव आणि नेफेडोव या सोव्हिएत संशोधकांनी १९६० च्या दशकात हे फुटणं अभ्यासलं.

पाणी उष्णता खातंच, पण दहा किलो मिश्रणात किलोभर पाणी असेल, तर तेलाच्या एकूण उष्णतेतला एक टक्काही जात नाही.

पेटलेल्या कढईवर मात्र कधीही पाणी ओतू नका! ते तळाशी जाऊन वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडवतं. भट्टीच्या तेलाचीही घुसळण कच्ची राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचतं. मग तोटीतून नुसतं पाणीच आलं की ज्योत फुस्स!