पडद्यावरची सेमिनरी

ख्रिस्ती मंडळीचा पाळक कसा तयार होतो, याची माहिती आपल्याला सहसा नसते. रविवारची उपासना चालवणारा, लग्न लावणारा, अंत्यविधीला उभा राहणारा हा माणूस बहुधा तीन-चार वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, राहून शिकलेला असतो. कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण तर याहून कितीतरी लांब चालते. बायबलमधला जुना आणि नवा करार, हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांची ओळख, चर्चचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, प्रवचन कसे करावे, आजारी माणसाच्या उशाशी बसून काय बोलावे आणि काय बोलू नये, असे सारे त्या अभ्यासक्रमात असते.

आपल्या देशात ही परंपरा जुनी आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम कॅरी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८१८ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे महाविद्यालय काढले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. महाराष्ट्रात यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठही पुण्यातच आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की सेमिनरी शहरात असते आणि मंडळ्या खेड्यापाड्यांत असतात. एखादा शेतकरी किंवा शिक्षक आपल्या वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांची मंडळी सांभाळत असतो. लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो, पण शिक्षण झालेले नसते. तीन वर्षे घर, शेती आणि मुलाबाळांना सोडून तो वसतिगृहात जाणार कसा? उलट जो तरुण जाऊ शकतो, तो शहरात शिकून अनेकदा शहरातच राहतो. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला शिक्षण मिळत नाही आणि ज्याला मिळते तो गरजेच्या जागी परतत नाही.

या कोड्याला पहिले मोठे उत्तर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या छोट्या देशाने दिले. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीतील राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर या शिक्षकांनी १९६३ च्या सुमारास चक्क उलटा विचार केला. विद्यार्थ्याने सेमिनरीत येण्याऐवजी सेमिनरीनेच विद्यार्थ्याकडे जायचे. विद्यार्थी घरी राहून, कामधंदा करत पुस्तिका वाचणार आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर शिक्षक येऊन गटाशी चर्चा करणार. ही पद्धत जगभर पसरली. भारतात १९७१ पासून बंगळूरच्या ‘टॅफ्टी’ या संस्थेने ती इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही चालवली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना लगेच समजेल.

टेड वॉर्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली. लाकडी कुंपणाला एक आडवी दांडी वर असते, एक खाली. वरची दांडी म्हणजे अभ्यास, खालची दांडी म्हणजे प्रत्यक्ष सेवेतला अनुभव. दोन्ही आडव्या दांड्यांना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे शिक्षक आणि सहाध्यायी यांच्या नियमित बैठका. खांब काढले, की दोन्ही दांड्या जमिनीवर! ही उपमा आपण लक्षात ठेवू, कारण पुढच्या सगळ्या चर्चेत ती उपयोगी पडणार आहे.

पुस्तिकांनंतर पडदा आला. १९९७ मध्ये रिचर्ड प्रॅट या सेमिनरी-प्राध्यापकांनी अमेरिकेत ‘थर्ड मिलेनियम मिनिस्ट्रीज’ ही संस्था सुरू केली. सेमिनरीचा अभ्यासक्रम चित्रफितींच्या रूपात तयार करून तो जगभर विनामूल्य द्यायचा, हा तिचा हेतू. इंग्रजी, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी या पाच भाषा तिने प्रथम निवडल्या. तिच्या पाठांमध्ये एक निवेदक विषय मांडतो, अधूनमधून देशोदेशींचे अध्यापक येऊन आपले मत सांगतात, सोबत नकाशे आणि आकृत्या असतात. आधी तबकड्यांवर पोचणारे असे पाठ आज मोबाइलवर येतात. २०२० मध्ये टाळेबंदीने वर्ग बंद पाडले, तेव्हा तर वसतिगृहे असलेल्या सेमिनऱ्यांनाही पडद्याचाच आधार घ्यावा लागला.

आता प्रश्न असा, की असा अभ्यासक्रम रचायचा कसा? प्राध्यापक बोलत आहेत आणि समोर कॅमेरा लावला आहे, एवढ्याने बहुमाध्यमी पाठ होत नाही. पहिला नियम असा, की चित्र जिथे काही शिकवते तिथेच ते दाखवावे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक माणूस यरुशलेमहून यरीहोला ‘खाली’ चाललेला असतो. वाचताना हा शब्द आपण सहज ओलांडतो. पण यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे हजार मीटरचा उतार, ओसाड कडेकपारी. अर्ध्या मिनिटाचा नकाशा आणि एक छायाचित्र दाखवले, की लुटारूंना ही वाट का सोयीची होती ते कळते.

पेरणाऱ्याच्या दाखल्याचेही तसेच आहे. त्यातले काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत. चाड्यावर मूठ धरून तिफणीने ओळीत पेरणारा आपला शेतकरी विचारील, की हा गडी इतका निष्काळजी कसा? त्या देशात बी हाताने फोकून पेरत असत, हे चित्राने दाखवले की शंका मिटते.

पण काही ठिकाणी चित्र आवरावे लागते. कफर्णहूम गावातल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट पाहा. गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून चौघांनी त्याला छपरातून खाली सोडले. मार्क सांगतो, की त्यांनी छप्पर उकरले. लूक सांगतो, की त्यांनी त्याला कौलांमधून सोडले. गालीलमधले साधे घर म्हणजे वर तुळया, त्यावर फांद्या-काटक्या आणि मातीचा थर. सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, त्याने माळवद पाहिलेले असते. लूक मात्र ग्रीक वाचकांसाठी लिहीत होता आणि त्यांच्या शहरांत कौलारू घरे होती. त्याने आपल्या वाचकाला समजेल असे छप्पर घातले, असे अनेक अभ्यासक मानतात.

आता पाठ तयार करणाऱ्याने मातीचे छप्पर दाखवले, की लूकचा शब्द नाहीसा झाला. कौले दाखवली, तर मार्कचा. आणि विद्यार्थ्याला प्रश्न पडण्याआधीच चित्राने उत्तर देऊन टाकले! अशा ठिकाणी चित्र थांबवावे, दोन्ही उतारे शेजारी-शेजारी पडद्यावर ठेवावेत आणि विचारावे: दोघांच्या शब्दांत फरक का असेल? तुमच्या गावात ही गोष्ट सांगताना तुम्ही कोणते छप्पर सांगाल? ईश्वरविज्ञानाचे खरे शिक्षण या दुसऱ्या प्रश्नात आहे. पाळकाला आयुष्यभर हेच करायचे असते.

दुसरा नियम भाषेचा. इंग्रजी पाठावर मराठी आवाज चढवला, की मराठी पाठ झाला असे नाही. इंग्रजी वाक्याच्या वेळात मराठी वाक्य बसत नाही, मग निवेदक घाईने बोलतो आणि ऐकणारा मागे पडतो. म्हणून संहिता आधी मराठीतच नव्याने लिहावी आणि चित्र तिच्या मापाने कापावे. कृपा, तारण, पश्चात्ताप, करार हे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे, त्याचा छोटा कोश पहिल्या पाठाआधी तयार हवा.

तिसरा नियम खर्चाचा. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, चित्रफितीतली सुधारायला सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. म्हणून पाठ लहान तुकड्यांत बांधावा. इतिहास-भूगोलाचा तुकडा सर्वांना सारखा ठेवावा, उदाहरणांचा तुकडा मात्र त्या त्या भागातल्या शिक्षकाला बदलता यावा. जिथे मोबाइलला नीट रेंज नाही, तिथे नुसता आवाज आणि एक छापील वही एवढ्यावरही पाठ पूर्ण व्हायला हवा.

आणि आता कुंपणाचे खांब. पडदा उत्तम समजावून सांगतो, पण तो विद्यार्थ्याचे ऐकून घेत नाही. तरुण मुलगा गेलेल्या घरात आज संध्याकाळी जायचे आहे, तिथे पहिले वाक्य काय बोलू, हे चित्रफितीला विचारता येत नाही. ते शेजारच्या गावच्या वडीलधाऱ्या पाळकालाच विचारावे लागते. म्हणून अभ्यासक्रमाच्या आराखड्यात पाठांची यादी करण्याआधी बैठकांचे दिवस ठरवावेत. कोण, कुठे, किती जणांना भेटणार, हे लिहून ठेवावे. परीक्षेतही ‘पाठ पाहिला का’ एवढेच न विचारता, त्यावरून मंडळीत काय केले ते विचारावे.

मराठीला हा विचार परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले, ते सुमारे अकरा हजार ओव्यांचे. इथल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय आहे, हे त्यांनी हेरले होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा आधार घेतला. सूर, ताल, निरूपण, गोष्ट आणि समोर बसलेला श्रोता, हे सगळे कीर्तनात एकत्र येतात. श्रोता कंटाळला, की कीर्तनकार लगेच चाल बदलतो. पडद्याला ते जमत नाही. तेवढ्यासाठी तरी पाठ संपल्यावर पडदा बंद करून, गोल करून बसायला आणि बोलायला एक तास राखून ठेवावा. उद्या मंडळीपुढे उभे राहण्याची तयारी त्या तासात होते.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)