राजी: पुण्यात घडलेला गेम आणि त्यातली कोडी

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने घडवलेला गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर सर्वांत आधी आला. स्विच हा कन्सोल टीव्हीला जोडता येतो आणि उचलून हातात धरूनही खेळता येतो. त्याचा पडदा ६.२ इंचांचा आहे. निन्टेन्डोने तो भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नव्हता. त्यामुळे ज्यांच्या देवदेवतांवर गेम बेतलेला, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो लगेच खेळता आला नाही. बाहेरून आणलेला कन्सोल नसेल, तर यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या खेळाडूला १५ ऑक्टोबरपर्यंत थांबणे भाग होते. त्या दिवशी तो विंडोज संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला.

हातातला छोटा पडदा आणि कोडी यांचे नाते जुने आहे. गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये निन्टेन्डोसाठी ‘गेम अँड वॉच’ घडवला, १९८९ मध्ये गेम बॉय आला आणि ‘टेट्रिस’ने तो घरोघरी पोहोचवला. कोड्यांना कथेची जोड देणाऱ्या गेमचे दोन घाट पुढे स्पष्ट दिसू लागले. पहिला ‘प्रोफेसर लेटन’चा. लेव्हल-५ या जपानी कंपनीने २००७ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आणलेल्या या मालिकेत गावातला जो भेटेल तो कोडे घालतो. त्यातली कोडी अकिरा तागो या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार झाली. जपानमध्ये त्यांची कोड्यांची पुस्तके आधीच लोकप्रिय होती. कोडी उत्तम, पण त्यातली कितीतरी कथेतून उचलून दुसरीकडे ठेवली तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या घाटात वास्तूच कोडे बनते. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ हा गेम मूळचा १९९८ चा, २०११ मध्ये तो हातातल्या थ्रीडीएसवर नव्याने आला. त्यातले जलमंदिर खेळाडूंच्या पिढ्यांना आठवते. मंदिरातले पाणी तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर आणता येते. कोणते दार केव्हा गाठता येईल, हे पाणी कुठवर आहे त्यावर ठरते, म्हणून अख्खी इमारत डोक्यात धरून विचार करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचे चिंतामणी मंदिर पाहिलेल्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. तिथे पायऱ्या उतरून जमिनीखाली देवदर्शनाला जावे लागते. समोर कुंड आहे आणि दर बारा वर्षांनी त्याचे पाणी चढून गणेशाच्या चरणांना लागते, अशी श्रद्धा आहे. खोल वास्तू, चढते पाणी आणि त्याला बांधलेली कथा या तिन्ही गोष्टी कळंबला आधीपासून एकत्र आहेत.

‘राजी’चा ओढा या दुसऱ्या घाटाकडे आहे, मात्र त्यात लढाईचा वाटा मोठा आहे. राजी ही खेळ करून दाखवणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती महाबलासुरापर्यंत त्याचा माग काढते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची वाटचाल पाहत आपसांत बोलत राहतात, आणि गेमचे निवेदन म्हणजे हाच संवाद. भिंतींवर धावणे, खांबांवर चढणे, कड्यावरून झेप घेणे या हालचालींवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची छाप आहे. मध्येच वाट अडते आणि कोडे समोर येते: गोल चित्राचे तुकडे फिरवून ते जुळवायचे. जुळलेल्या चित्रात बहीण-भावाच्या आठवणी उमटतात. भाऊ हरवलेल्या मुलीने पुढे जाण्यासाठी आधी त्याची आठवण सांधायची, ही कल्पना फार सुंदर आहे. कोडी आणखी अवघड असायला हवी होती. ती पटकन सुटतात, आणि इतक्या चांगल्या कल्पनेला मिळायला हवा होता तेवढा वेळ मिळत नाही.

गेमचे दृश्यरूप पहाडी चित्रशैली आणि राजस्थानची मध्ययुगीन वास्तुकला यांतून आले आहे. कथेत भारतीय पुराणांबरोबर बालीतल्या परंपरेचेही धागे आहेत. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा टिकवली आहे. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. छायाबाहुल्यांचा गेमला तांत्रिक फायदाही आहे: चेहऱ्यांचे बारकावे हलते ठेवण्याचा मोठा खर्च त्यात टळतो. कॅमेराही खेळाडूच्या हाती दिलेला नाही. प्रत्येक चौकट चित्रकाराने ठरवलेली आहे, म्हणून सहा इंची पडद्यावरही किल्ल्यांची भव्यता जाणवते आणि मुलगी त्यात इवलीशी दिसते.

श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे स्टुडिओचे संस्थापक. घोष यांच्याकडे कला, सिंग यांच्याकडे गेमची रचना आणि मॉड यांच्याकडे तंत्राची बाजू. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. तरीही अनरिअल इंजिन ४ वर काम चालू राहिले. संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांनी दिले आणि सुपर डॉट कॉम ही प्रकाशक कंपनी पाठीशी उभी राहिली.

समीक्षकांनी चित्रमयतेचे कौतुक केले. लढाईतला अडखळता वेग आणि चार-पाच तासांत अचानक येणारा शेवट यांवर बोट ठेवले. दोन्ही अभिप्राय रास्त आहेत. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले, पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, आणि तोवर इंग्रजीत बोलणाऱ्या दुर्गा आणि विष्णू यांना तिच्यात हिंदी आवाज मिळाले.