सहा महिन्यांत बंद होणारं बटण

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा शब्द नवा नाही. पण एक गोष्ट बघा: आजार जन्मतःच असूनही बाळ पहिले चार-सहा महिने बहुधा ठणठणीत असतं. का? सिकलसेलचा बिघाड बीटा जनुकात असतो, आणि पोटातलं बाळ गॅमा नावाच्या वेगळ्या जनुकापासून हिमोग्लोबिन बनवतं. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद पडतं, बीटा जोर धरतं, मग दुखणी सुरू.

उंदरात असं खास गर्भातलं हिमोग्लोबिन नसतंच. बहुतेक सस्तन प्राण्यांत गॅमा चालतं ते भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला. माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांत मात्र ते पुढे, जन्मापर्यंत चालू राहू लागलं. जनुक जुनंच, बदललं ते मुख्यतः शेजारच्या डीएनएतलं चालू-बंद करायचं बटण. पृष्ठवंशी प्राण्यांची उत्क्रांती बरीचशी अशा बटणांतूनच झाली आहे.

भारतातल्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांत गॅमाच्या बटणात एकाच अक्षराचा फरक सापडतो. त्यामुळे गॅमा थोडं चालू राहतं, त्रास अनेकदा सौम्य होतो. (नेहमी नाही हं, तपासणी टाळू नका!) हायड्रॉक्सियुरियाची गोळीही गॅमाच वाढवते. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-उपचार तर गॅमाला दाबणाऱ्या 'बीसीएल११ए' जनुकाचं रक्तपेशींतलं बटण कापतो. जनुक पूर्ण बंद करत नाही, कारण ते रक्ताच्या मूळपेशींना आणि बी-पेशींनाही लागतं.