टेकडीवरून दिसणारी हिंजवडी

शहराचे छायाचित्र काढावयाचे म्हटले, की बहुतेकांचे लक्ष प्रथम कॅमेऱ्याकडे जाते. कॅमेरा कोणता, भिंग केवढे, किंमत काय! पण खरा पहिला प्रश्न आहे, उभे कोठे राहावयाचे?

हिंजवडीचेच उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्यातील हे शेतीवाडीचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यांच्या पायथ्याशी उभे राहून चित्र घेतले, तर भिंत आणि आकाश यांपलीकडे काही हाती लागत नाही. तेच बाणेरच्या तुकाई टेकडीवर चढा आणि वायव्येकडे तोंड करा. खाली बालेवाडी, महामार्ग, मुळा नदी, वाकड. सहा-सात किलोमीटरांपलीकडे हिंजवडीच्या इमारतींची रांग, आणि तिच्याही मागे मावळ-मुळशीचे डोंगर.

असे का होते? क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. सपाटीवर उभे राहिलो, की आपल्याहून उंच असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या वर डोके काढते आणि मागचे डोंगर झाकते. आपण वर चढलो, की क्षितिजही आपल्याबरोबर वर चढते. पुष्कळ इमारती मग त्याच्या खाली राहतात आणि डोंगर उघडे पडतात. ज्या इमारतींचे माथे तरीही वर उरतात, त्या आपल्या टेकडीशी बरोबरी करू लागल्या, असे खुशाल समजावे.

आता वेळ कोणती? टेकडीवरून पाहताना सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून येते व इमारतींच्या दर्शनी बाजूंवर पडते. मात्र थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्यामुळे धूर व धूळ खालीच कोंडून राहतात. पहाटे कितीही प्रसन्न वाटले, तरी चित्र मळकट येते! पावसाची मोठी सर येऊन गेली, की हवा धुऊन निघते. दूरचे डोंगर टिपण्यास ती संधी उत्तम.

संध्याकाळचे गणित निराळे. पुण्यात जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात जवळजवळ तितकाच दक्षिणेला. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस तो हिंजवडीच्या बाजूला उतरतो आणि इमारतींच्या काळ्या आकृती उठून दिसतात. सूर्य बुडाल्यावर लगेच घरी निघू नये बरे का! पुढल्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश गडद निळे होते, खिडक्यांतले दिवे लागतात आणि दोन्ही प्रकाश एकमेकांना तोलून धरतात. त्या वेळी तिपाई हवीच. शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते.

इतका वेळ उघडे ठेवले, की धावती मोटार चित्रातून नाहीशी होते आणि तिच्या दिव्याची रेघ तेवढी मागे राहते. दगेर याने 1838 साली पॅरिसमधील एका रस्त्याचे चित्र उंचावरून घेतले, तेव्हा सारी रहदारी अशीच पुसली गेली. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. जे स्थिर राहते, ते चित्रात राहते.

आणि म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. एकच सुंदर चित्र घेऊन थांबू नका. एखादा खडक ठरवा, कॅमेऱ्याची दिशा ठरवा, भिंगाचे माप लिहून ठेवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून चित्र घ्या. मोबाइल असला तरी चालेल. दहा चित्रे शेजारी मांडली, म्हणजे डोंगराची रेघ कोठे तुटली, नदीकाठ कोठे भरला, कोणता उतार खणला गेला, हे वाद न घालता दिसते. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हा बदल जाणवत नाही, कारण डोळे कालचे विसरतात. टेकडी मोकळी आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे. तेथेच इमारत उभी राहिली, तर शहराकडे पाहण्याची जागाही गेली आणि शहराची साक्षही गेली.