आवाजावरून पक्ष्याची ओळख

रातवा दिवसभर पाचोळ्यात डोळे मिटून बसतो. अंगावरच्या करड्या-तपकिरी नक्षीमुळे दोन पावलांवर असला तरी तो दिसत नाही. महाराष्ट्रात रातव्याच्या एकाहून अधिक जाती आढळतात आणि विजेरीच्या झोतात त्या एकमेकींपासून ओळखणे मुरलेल्या पक्षिनिरीक्षकालाही जड जाते. अंधार पडून ते बोलू लागले की हा पेच राहत नाही. भारतीय रातव्याचे ‘चक्-चक्-चक्-चर्रर्र’ ऐकताना कडक जमिनीवर टाकलेला चेंडू शेवटी घाईघाईने उड्या घेत थांबल्याचा भास होतो. रानरातवा एका लयीत ‘टक्-टक्-टक्’ असे ठोके देत राहतो, तर उघड्या माळावरचा सवाना रातवा उडता उडता एकच तीक्ष्ण ‘च्वीप’ काढतो. रूपाने सारख्या असलेल्या या जाती स्वतःची जोडीदारीण चुकत नाहीत, कारण त्यांच्यासाठीही खरी खूण आवाजाचीच असते.

इंग्लंडमधील निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात, दुर्बिणीचा आधार नसताना, दिसायला जवळजवळ एकसारख्या तीन पर्णवटवट्यांचा वेगळेपणा त्यांच्या गाण्यावरून ओळखला होता. आपल्याकडे तर शेतकऱ्याच्या कानाला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो. त्याला पाहून ओळखणारे थोडे, पण पावसाच्या तोंडावर चढत जाणारे ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकून त्याचे नाव सांगणारे गावोगाव भेटतात.

पक्ष्याचा आवाज माणसासारखा गळ्याच्या वरच्या भागात तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे विभागते, तिथे खोल छातीत सिरिंक्स नावाचे ध्वनियंत्र असते. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालतात, त्यामुळे एकच पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढू शकतो. माणसाच्या कानाला हे सूर अनेकदा एकजीव वाटतात.

या आवाजांचे ढोबळ भाग दोन, गाणे आणि हाक. गाणे लांब व गुंतागुंतीचे असते. विणीच्या काळात हद्द सांगण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी बहुधा नर ते गातो, तरी उष्ण प्रदेशांतल्या अनेक जातींत माद्याही गातात. दयाळ उन्हाळ्यात भल्या पहाटे तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून तास तासभर गातो. विणीचा काळ सरला की त्याच्याकडून फक्त कर्कश, आखूड आवाज ऐकू येतात. हाका आखूड असतात आणि वर्षभर चालतात. थव्यातल्या सोबत्यांशी संपर्क ठेवणे, पिलांनी अन्न मागणे, धोक्याचा इशारा देणे अशी त्यांची कामे ठरलेली असतात. डोक्यावरून ससाणा गेला तर अनेक लहान पक्षी बारीक, उंच ‘सीऽऽ’ काढतात. या आवाजाची सुरुवात आणि शेवट पुसट असल्यामुळे तो कुठून आला हे शिकाऱ्याला चटकन कळत नाही. बसलेले घुबड दिसले तर नेमके उलटे घडते. बुलबुल आणि सातभाई तुटक, खरखरीत आवाजात कालवा करतात, म्हणजे इतरांना जागा पटकन सापडावी आणि सगळ्यांनी मिळून त्या घुबडाला हुसकावावे. हा फरक कानाला कळू लागला की कालव्याच्या दिशेने गेलेल्या निरीक्षकाला घुबड आयते दिसते.

कोणता आवाज जन्मजात आणि कोणता शिकलेला, यावर ओळखीची खात्री बरीच अवलंबून असते. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, खऱ्या आईबापांपाशी ते राहत नाही. तरी वयात आल्यावर नर बिनचूक ‘कुऽहू’ करतो. गाणाऱ्या पक्ष्यांचे तसे नाही. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या पक्ष्याची पिल्ले इतरांचे गाणे कानी पडू न देता वाढवली, तेव्हा त्यांचे गाणे ओबडधोबड निघाले. जिथे गाणे मोठ्यांकडून शिकले जाते तिथे प्रदेशाप्रमाणे बोलीही बदलते. म्हणूनच परक्या प्रांतातल्या नमुना-ध्वनीशी आपल्याकडचा पक्षी तंतोतंत जुळला नाही, तर लगेच ती वेगळी जात ठरत नाही.

अक्षरांत आवाज पकडण्याची मर्यादा इथेच दिसते. एकाला ‘पेर्ते व्हा’ ऐकू येते, हिंदी भाषकाला त्याच पक्ष्याचे ‘पी कहाँ’. आठवणीला हे शब्द फार उपयोगी पडतात, पुरावा म्हणून मात्र चालत नाहीत. पुरावा ध्वनिमुद्रणाने दिला आणि त्याची सुरुवात एका भारतीय पक्ष्यापासून झाली, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर घरी पाळलेल्या श्यामाचे गाणे टिपले. पक्ष्याच्या आवाजाचे हे सर्वात जुने ज्ञात मुद्रण मानले जाते. सह्याद्रीच्या दाट रानात हाच श्यामा आजही गातो. अमेरिकेत रानातल्या मोकळ्या पक्ष्यांचे मुद्रण व्हायला बराच काळ जावा लागला. तेथील कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९२९ मध्ये बोलपटासाठी बनवलेली यंत्रणा वापरून इथाका गावच्या उद्यानात ते साधले.

दुसरी मोठी उडी १९४० च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या यंत्राने घेतली. त्याने आवाजाचा आलेख कागदावर उमटवला. या स्पेक्ट्रोग्राममध्ये डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वराची उंची वाढते आणि रेघ जितकी गडद तितका आवाज मोठा. निवळ शीळ बारीक रेघ बनून उमटते, खरखरीत आवाज रुंद पट्टा होतो. कानाला ‘एकसारखे’ वाटणारे दोन आवाज कागदावर शेजारी ठेवले की त्यांच्यातला फरक मोजता येतो. आज हेच काम साधा संगणक किंवा फोनही करतो.

या पद्धतीचे मोल दाखवणारे सर्वात सुंदर उदाहरण अरुणाचल प्रदेशातले आहे. २००९ मध्ये स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि भारतीय पक्षितज्ज्ञ शशांक दळवी यांना तेथील पर्वतात एकाच जातीचे समजले जाणारे कस्तूर दोन तऱ्हांनी गाताना आढळले. सूचिपर्णी जंगलातल्या पक्ष्याचे गाणे गोड होते, तर वृक्षरेषेच्या वरच्या खडकाळ भागातल्या पक्ष्याचे रखरखीत. पुढे संग्रहालयांतले नमुने आणि जनुके तपासली, तेव्हा या जाती निराळ्या असल्याचे सिद्ध झाले. जंगलातल्या जातीला २०१६ मध्ये सलीम अली यांचे नाव देण्यात आले. संग्रहालयात वर्षानुवर्षे एकत्र ठेवलेल्या पक्ष्यांचे कोडे रानातल्या गाण्यापासून सुटू लागले.

खानदेशातली कथा वेगळ्या वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकानंतर खात्रीलायक नोंदच नसलेला रानपिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याचा आवाज तोवर विज्ञानाला ठाऊक नव्हता. पामेला रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याचे आवाज तपशिलाने प्रसिद्ध केले आणि शोध घेणाऱ्यांच्या हाती खरे साधन आले. घराच्या वळचणीला राहणारा नेहमीचा पिंगळा कर्कश चिरचिरतो. रानपिंगळ्याची हाक आखूड, गोलसर आणि मृदू असते. सागाच्या रानात पानांआड बसलेला पक्षी यावरून निश्चित करता येतो.

मुद्रणासाठी सुरुवातीला फोन पुरेसा असतो. फोनच्या ध्वनिमुद्रकात शक्य असेल तर ‘वेव्ह’ स्वरूप निवडावे, कारण एमपीथ्रीमध्ये फाइल लहान करताना आवाजातला बारीक तपशील गळतो. पुढची पायरी म्हणजे एका दिशेचाच आवाज घेणारा लांबट मायक्रोफोन किंवा पॅराबोला, अर्थात दूरचा आवाज मायक्रोफोनवर एकवटणारी खोलगट तबकडी. यंत्र महागडे असण्यापेक्षा पक्ष्याच्या शक्य तितके जवळ, त्याला न बिचकवता पोहोचणे जास्त कामाचे. वारा आणि वाहणारे पाणी हे मोठे शत्रू. म्हणून पहाट उत्तम. हवा स्थिर असते, रहदारी थंड असते आणि पक्षी सर्वाधिक गातात. कपड्यांची सळसळ, कॅमेऱ्याचे बटण, सोबत्याची कुजबुज मायक्रोफोन सगळे टिपतो. पक्षी थांबला तरी मुद्रण लगेच बंद करू नये, दोन गाण्यांमधला विरामही ओळखीचा भाग असतो. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण, अधिवास आणि पक्षी प्रत्यक्ष दिसला की नाही, हे त्याच फाइलमध्ये बोलून ठेवावे. ही माहिती नसलेले मुद्रण कितीही स्वच्छ असले तरी अभ्यासाला अपुरे पडते.

कॉर्नेलचे ‘मर्लिन’ अॅप २०२१ पासून आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. कॉर्नेल आणि जर्मनीतील केम्नित्स येथील तांत्रिक विद्यापीठाने मिळून बनवलेले ‘बर्डनेट’ही तेच काम करते. दोन्ही अॅप हजारो नमुन्यांच्या स्पेक्ट्रोग्रामवरून शिकलेली आहेत. नवख्याला त्यांची मोठी मदत होते, पण अॅपने दिलेले नाव सूचना समजून पडताळून पाहावे. नकला करणारे पक्षी यंत्रालाही चकवतात. भृंगराज कोतवाल आणि हिरवागार पर्णपक्षी इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतात, कोतवाल तर शिक्र्याचाही. एकाच झाडावरून पाठोपाठ चार जातींचे आवाज आले तर आधी नकल्याचा संशय घ्यावा. हंगाम आणि ठिकाण विसंगत असेल तर नाव नाकारावे. तांबटाची ‘टुक् टुक्’ सोपी, पण डोके वळवत बोलण्याच्या त्याच्या सवयीमुळे आवाजाची दिशा मात्र फसवी असते.

टिपलेला आवाज परत वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळणेच योग्य. हद्दीत दुसरा नर आला असे समजून पक्षी खाणे आणि पिलांना भरवणे सोडून धावून येतो. जिथे रोज नवे पर्यटक येतात तिथे त्याची ऊर्जा याच खोट्या भांडणात जाते. विणीच्या काळात आणि रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ जातींसमोर असे करणे सरळसरळ अपाय आहे.

चांगली मुद्रणे स्वतःपाशी दडवून ठेवू नयेत. नेदरलँड्समध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘झेनो-कांतो’ या संग्रहात आणि कॉर्नेलच्या मॅकॉले ग्रंथालयात जगभरचे हौशी लोक आवाज जमा करतात. ज्याचे नाव कळले नाही असा आवाजही झेनो-कांतोवर ‘अनोळखी’ म्हणून ठेवता येतो, आणि त्या भागातल्या पक्ष्यांचे जाणकार तो ऐकून ओळख पटवतात.