मुमताजच्या बऱ्हाणपुरात पीपीएचचा धडा

मुमताजमहल आग्र्यात नव्हे, बऱ्हाणपुरात गेली. जून १६३१, चौदावं बाळंतपण. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत आधी तिचं दफन झालं, आग्र्याला नेलं ते काही महिन्यांनी. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं ती दगावली, असं मानलं जातं. नर्सिंगच्या वहीत आज याचं नाव पीपीएच.

हा धडा अचाट आहे. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात, आणि ती बांधायला दोरा नसतो! गर्भाशयाचे एकमेकांत विणलेले स्नायूच आवळतात आणि त्यांना गाठ मारतात. ते सैल राहिले तर नर्सनं मदतीसाठी हाक मारायची, पोटावरून गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिन द्यायचं, मूत्राशय रिकामं करायचं, गेलेलं रक्त मोजायचं. पुस्तकात हे सगळं पानभरात मावतं. ऐन वेळी ते आठवावं कसं?

आपल्याकडची रीत म्हणजे आदल्या रात्री तेच पान पाच वेळा वाचायचं आणि हायलायटरनं पिवळं करायचं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ५६ टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या ४२. गंमत अशी, की पुष्कळदा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत मेंदू असा फसतो. म्हणून नुसते अभ्यासाचे तास मोजून गुणांचा अंदाज बांधता येत नाही.

बऱ्हाणपुरात नर्सिंग शिकणाऱ्या, मराठी घरातल्या मुलीचा पेच आणखी वेगळा. घरात मराठी, बाजारात हिंदी, जाडजूड पुस्तकं बहुधा इंग्रजी. इंग्रजी वाक्य दहादा वाचलं की ते गुळगुळीत होतं, कळलंसं वाटतं. तेच पुस्तक मिटून मैत्रिणीला मराठीत सांगायला लागा, कुठं अडतंय ते दुसऱ्याच वाक्याला दिसतं. वॉर्डातली पोस्टिंग, केअर प्लॅन, रात्रपाळी यांतून वेळ उरतोच किती? पण रोजची दहा मिनिटं या खेळाला पुरतात, आणि मध्ये काही दिवस जाऊन थोडं विसरलं, तर आठवण्याचे कष्ट वाढून ते जास्त टिकतं.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथं रोनाल्ड हार्डन यांनी मांडलेली ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा असं आठवणंच तपासते. घंटा वाजली की पुढचं टेबल. समोर पुतळा, हातात ठरावीक मिनिटं, आणि परीक्षक विचारतात: रक्त थांबत नाही, आता काय कराल? तिथं हायलायटर नेता येत नाही.