दांडा, मूठ आणि खुंटा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण फितुरांसाठी वापरतो. नुसते लोखंडाचे पाते जंगलाचे काही वाकडे करू शकत नाही. त्याला दांडा मिळाला की झाडे पडू लागतात, आणि तो दांडा तर झाडाच्याच कुळातला! म्हण खरी आहे. पण तिने दांड्याची एकच बाजू सांगितली. तोच दांडा स्वयंपाकघरात आला की गोत राखतो. विळ्याची मूठ, तव्याची दांडी, उलथण्याचा दांडा, जात्याचा खुंटा ही सगळी त्याचीच रूपे. लोखंड आपले काम करते आणि लाकूड माणसाचा हात सांभाळते. मूठ शाबूत असेपर्यंत तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती निखळली की मात्र चिंध्या गुंडाळून तवा उचलावा लागतो आणि बोटे भाजतात. बहुतेक घरांत ती बोटे बाईची असतात.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर हे लाकडाच्या मुलखातले गाव. सहस्रकुंडाचा धबधबा जवळच आणि भोवती सागवानी जंगल. निजामी राजवटीपासून इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होते; १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. सरहद्द बदलली, पण जंगल दोन्हीकडे एकच राहिले. याच पट्ट्यातल्या, आज तेलंगणात असलेल्या निर्मळ गावाची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. ती पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. खेळण्याला मऊ लाकूड लागते, दांड्याला कठीण. कुठल्या कामाला कुठले झाड, हे ज्याला कळते तो सुतार.

आणि हे कळणे साधे नाही. साग सरळ, तेलकट, पावसापाण्यात न फुगणारा. म्हणून तो चौकटीचा आणि तुळईचा राजा. पण कुऱ्हाडीचा घाव सोसायला धावडा हवा. सागाच्या घनफूटभर तुकड्यापेक्षा धावड्याचा तेवढाच तुकडा सुमारे दीडपट भरतो, आणि धक्का बसला तरी मोडण्याआधी लवतो. तिवसही तसाच चिवट; नांगर, चाके आणि दांडे यांसाठी त्याला मान होता. जंगलापासून दूर, काळ्या रानात बांधावरची बाभूळ ही सगळी कामे करी. शिसवाची मूठ हाताला गुळगुळीत लागते. बिब्ब्याच्या झाडाला मात्र जाणता सुतार मुठीसाठी हात लावत नाही, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. ही विद्या कुठल्या पुस्तकातून आली नाही. ती वाकस चालवता चालवता बापाकडून मुलाकडे आली.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा सुतार हा गावच्या बलुतेदारांतला एक प्रमुख कारू होता. सुगीला तो शेतकऱ्याकडून धान्य घेई आणि वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करी. त्या कामातून उरलेल्या तुकड्यांत घरातल्या बायकांच्या विळ्यांना आणि रव्यांना जागा होती. मूठ हे मुद्दाम पैसे मोजून घेण्याचे काम नव्हते. ते उरलेल्या लाकडाचे आणि उरलेल्या वेळाचे काम होते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या ओव्या जुळल्या त्या वेळी बायांच्या हातात काय होते? अशाच एखाद्या सुताराने तासून दिलेला खुंटा. घरात लग्न निघाले की त्याच जात्याला हळकुंड-सुपारी बांधून मुहूर्त करायचा.

मग बैलगाडीला रबरी टायर आले, नांगर लोखंडी झाले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. सुताराचे बलुते सुटले आणि त्याच्याबरोबर ते उरलेले तुकडेही. स्वयंपाकघरात काळ्या बेकेलाइटच्या मुठी आल्या. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेले हे कृत्रिम द्रव्य उष्णता अडवण्यात लाकडाच्या तोडीचे आहे. पण एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळत नाही. तडकले की सांधत नाही. त्याच मापाची मूठ दुकानात मिळाली तर ठीक, नाही तर चांगला तवा भंगारात जातो. लाकडी मुठीची थोरवी नेमकी इथे आहे. तीही मोडते, पण मोडली तर गावातच दुसरी होते. जी वस्तू झिजणार ती स्वस्त आणि हाताशी असावी, आणि जी टिकणार ती वर्षानुवर्षे टिकावी, हा जुन्या अवजारांचा हिशेब होता.

तो हिशेब आजही जमतो, कारण लाकूड संपलेले नाही. फक्त त्याची जागा बदलली आहे. फर्निचरच्या दुकानामागे सागाचे आणि बाभळीचे वीतभर तुकडे चुलीसाठी पडलेले असतात. मराठवाड्यात माळवदाची घरे उतरवून स्लॅबची घरे होत आहेत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर दगडमातीच्या जड घरांवरचा विश्वासच उडाला. त्या घरांचे खांब आणि सर कित्येक वर्षे वाळलेले असतात. मोडक्या बैलगाडीच्या आऱ्यातही दोन-तीन मुठी सहज दडलेल्या असतात. मुठीला लागते तरी किती? वीतभर लांबी आणि दीड इंच जाडी.

तुकडा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीत धावाव्यात, आडव्या नकोत. गाठ नसावी. बाहेरचे फिकट लाकूड टाकून आतला गडद गाभा घ्यावा, कारण कीड आधी फिकट भागाला लागते. जुने लाकूड असेल तर खिळे शोधून काढावेत. जुन्या तैलरंगाचे लाकूड मात्र स्वयंपाकघरासाठी नकोच, कारण त्यात शिसे असू शकते. प्लायवुडही नको. ओला तुकडा सावलीत वाळू द्यावा. उन्हात घाई केली की तो फाटतो.

मूठ गोल नव्हे, किंचित चपटी, अंडाकृती हवी. चरकावर कातलेले गोल लाकूड लाटण्याला शोभते, पण विळ्याची गोल मूठ हातात फिरते. अंडाकृती मुठीमुळे पात्याची धार कुठे आहे हे अंधारातही हाताला कळते. पात्याची निमुळती शेपटी तापवून छिद्रात बसवायची, तेव्हा पाते ओल्या फडक्यात गुंडाळावे, नाही तर धारेचे पाणी उतरते. फटीत लाख किंवा राळ ओतावी आणि तोंडाशी पाइपच्या तुकड्याची कडी ठोकावी, म्हणजे लाकूड चिरत नाही. तव्याच्या दांडीला रिबीट पितळेचे घालावे. बाभळीत आणि खैरात टॅनिन भरपूर असते. ओल लागली की लोखंडी रिबिटाभोवतीचे लाकूड काळे पडते. शेवटी जवसाच्या कच्च्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. हे तेल हवेत सुकते, शेंगदाण्याचे चिकट राहते. तेलाचे बोळे मात्र ढिगात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. आणि प्रेशर कुकरच्या मुठीला घरचा इलाज करू नये. तिच्यात झाकण अडकवण्याची रचना असते, तिथे कंपनीचाच भाग हवा.

लोखंडातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहते. म्हणून तर लाकडाचा चार बोटांचा तुकडा जाळ आणि हात यांच्यामध्ये उभा राहू शकतो.

यावर कुणी म्हणेल, मग जंगल तोडायला आणखी एक निमित्त मिळाले! उलट आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी केंद्राच्या पूर्वपरवानगीविना जंगलात चालणाऱ्या आरागिरण्या थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर लाकडाच्या प्रत्येक फळीची किंमत आपल्याला कळायला हवी होती. हिरवे झाड तोडून केलेली मूठ म्हणीतल्या दांड्याचीच बहीण ठरेल. पण एकदा पडलेल्या झाडाचा तुकडा चुलीत घालण्याऐवजी आणखी वीस वर्षे हातात राहिला, तर त्या झाडाचे काही तरी सार्थक होते.

इस्लापूरसारख्या गावात आजही धावडा आणि तिवस ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी ऐकू येतात. ती नावे टिकायची असतील तर त्या लाकडांना काम हवे. वापर सुटला की आधी वस्तू जाते, मग तिचा कारागीर जातो आणि सर्वांत शेवटी शब्द जातो. पुढच्या वेळी तव्याची मूठ तुटली तर तवा भंगारवाल्याला देण्यापूर्वी जवळच्या सुताराकडे जाऊन यावे. त्याच्या पायाशी पडलेल्या ढलप्यांत ती मूठ बहुधा तयारच असते. कुणीतरी मागायचीच खोटी.